नृत्य आणि चित्र-शिल्पकला एकमेकांना खरंच काही देतात का?

देतात, आणि फार पूर्वीपासून. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात, नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणं अवघड.

मला उलटा प्रवास, शिल्पाकडून नृत्याकडे, जास्त रंजक वाटतो. नाट्यशास्त्रातली १०८ करणं (हात, पाय आणि अंगाच्या एकत्रित नृत्यहालचाली) तमिळनाडूतल्या चिदंबरम मंदिराच्या गोपुरांवर कोरली आहेत. नर्तकी पद्मा सुब्रह्मण्यम यांनी ग्रंथ आणि शिल्पं ताडून पाहत ती पुन्हा नाचून दाखवली. शिल्पात हालचालीतला एकच क्षण असतो. त्याच्या आधी काय, नंतर काय, हे नर्तकीने स्वतःच्या अंगातून शोधायचं. (यावर जाणकारांत मतभेद असणारच.)

संभाजीनगरला गेलात तर औरंगाबाद लेणी क्रमांक ७ मधली नर्तकी जरूर बघा, भोवतीच्या वादक स्त्रियांसकट. अजिंठा-वेरूळच्या घाईत बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत.