कॅम्पर ट्रेलरची साइडवॉल पावसाळ्यानंतर फुगली आहे, पुण्यात दुरुस्ती कशी करावी?

आधी फुगवट्याला हात लावू नका, पाणी कुठून शिरतंय ते शोधा, बहुतेक वेळा छताचा जॉइंट किंवा खिडकीची फ्रेम हेच कारण निघतं आणि फुगवटा दिसतो भलतीकडेच खाली. आतलं पातळ प्लाय भिजलं की फायबरची शीट सुटते. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सुटलंय, दाबल्यावर मऊ लागलं तर प्लाय कुजलंय, मग ग्लू भरून काहीही उपयोग नाही, तेवढा भाग कापून टिंबर मार्केटमधून आयएस ७१० मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं, भारतीय मानकाचं प्लाय) आणून बसवा. प्लाय घट्ट असेल तर पूर्ण वाळवून इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा पक्का ग्लू) भरा, वरून सपाट फळी लावून टेकू द्या. खिडकीची फ्रेम सील करायला ब्युटाइल टेपच (चिकट रबरी पट्टी) वापरा, सिलिकॉनवर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही. आणि हे काम जूनच्या आत उरका.