लॅब्रेडॉरच्या गुडघ्याचं ऑपरेशन: रिसर्च वाचून डोकं फिरलंय

प्रश्न: आमचा लॅब (लॅब्रेडॉर कुत्रा) सहा वर्षांचा, वजन 38 किलो. मागच्या एका पायाने बरेच दिवस लंगडतोय. डॉक्टर म्हणतात गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, टीपीएलओ (नडगीचं हाड कापून फिरवायचं ऑपरेशन) करा. भाच्याने नेटवरून दोन रिसर्च पाठवले, एकात म्हणे ऑपरेशनशिवाय पण कुत्री बरी होतात आणि दुसऱ्यात म्हणे टीपीएलओच बेस्ट. आम्ही नक्की कुणाचं ऐकायचं?

उत्तर: भाच्यावर चिडू नका, दोन्ही बरोबर असू शकतं. बघायचं हे की "बरं झालं" हे ठरवलं कोणी आणि कशावरून.

2012 मध्ये अमेरिकेत एक मजेशीर अभ्यास छापून आला होता. सांधेदुखीने लंगडणाऱ्या कुत्र्यांना नुसत्या खोट्या गोळ्या दिलेल्या, तरी साधारण 57 टक्के वेळा मालक म्हणाले की आता बराच फरक आहे, आणि मशीनवर मात्र फरक काहीच नाही! हसू नका, डॉक्टरसुद्धा 40 ते 45 टक्के वेळा असेच फसले होते. हे मशीन म्हणजे फोर्स प्लेट, जमिनीत बसवलेली पट्टी असते, कुत्रा वरून चालला की कुठल्या पायावर किती भार टाकतोय ते कळतं. म्हणून ऑपरेशनचा कुठलाही रिसर्च हातात आला की मी आधी फोर्स प्लेट वापरली होती का तेवढं बघतो, नुसतं "मालक समाधानी" लिहिलेलं असेल तर मी त्याला फार किंमत देत नाही.

आता तुमचं. माणसाचं हे लिगामेंट बहुतेक वेळा खेळताना झटक्यात तुटतं, कुत्र्याचं मात्र बहुतेकदा हळूहळू झिजत जातं, त्यामुळे नंतर दुसरा पाय जाणाऱ्यांचं प्रमाणही बरंच आहे (हे आधीच माहीत असलेलं बरं). शिवाय कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो, साधारण 25 अंश, त्यामुळे पाय टेकला की हाड पुढे सरकतं आणि लिगामेंटवर ताण येतो. टीपीएलओत तुटलेलं लिगामेंट जोडतच नाहीत, हाडाला गोल काप देऊन माथा फिरवतात आणि उतार 5 अंशांच्या आसपास आणून प्लेट-स्क्रू लावतात. उतारच गेला, मग हाड सरकणार कशाला?

2013 मध्ये 80 कुत्र्यांवर टीपीएलओ आणि जुनी पद्धत, म्हणजे सांध्याबाहेरून जाड दोरा बांधायची, यांची तुलना झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप केलेलं आणि फोर्स प्लेटपण वापरलेली. वर्षभराने टीपीएलओवाली कुत्री पाय जास्त नीट टाकत होती. त्याच वर्षी जास्त वजनाच्या 40 कुत्र्यांवर दुसरा अभ्यास आला, त्यात सगळ्यांना डाएट, फिजिओ आणि दुखण्याचं औषध होतंच, काहींना वरून टीपीएलओ. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत 90 टक्क्यांच्या वर यशस्वी आणि बाकीच्यांत 33 टक्के, पण वर्षाअखेर 75 विरुद्ध 64. भाच्याचा पहिला रिसर्च बहुतेक हाच असावा. त्यातला शेवटचा आकडा तेवढा उचलला तर ऑपरेशन फुकटच वाटतं, मधले सहा महिने कुत्र्याने कसे काढले ते कोणी सांगत नाही, आणि 40 कुत्री म्हणजे तशी थोडीच.

माझं मत विचाराल तर 38 किलोच्या, सहा वर्षांच्या कुत्र्याला टीपीएलओ करा. नंतर हाड जुळेपर्यंत साधारण दोन महिने पट्ट्यावरच फिरवायचं, उड्या नाहीत, जिने नाहीत, आणि लॅबला हे समजावणं ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. वजन मात्र आजपासूनच उतरवा, ऑपरेशन करा नाहीतर नका करू.

प्रश्न: आमच्या अकरा वर्षांच्या कुत्रीची गाठ काढायचीय, भूल झेपेल का? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर: ब्रिटनमध्ये 98,000 च्या वर कुत्र्यांची नोंद ठेवून केलेला मोठा अभ्यास आहे, 2008 चा. तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यांत भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण 0.05 टक्के, आजारी असलेल्यांत 1.33. वयाने धोका वाढतो हे खरंच, पण फार मोठा फरक आजारपणाने पडतो, म्हणून ऑपरेशनआधी रक्त आणि हृदय तपासून घ्या. आणि अजून एक, दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मी कुत्री ऑपरेशन झाल्यावर गेली, त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत, तेव्हा टाके पडल्या पडल्या घरी न्यायची घाई करू नका आणि त्या वेळात तिच्याजवळ कोण बसणार आहे ते आधीच विचारून ठेवा.