६० दिवसांच्या मुदतीत तुमच्या हाती २८ दिवस

प्रश्न : मी मूळचा औसा तालुक्यातला, वय ३१. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथील एका कारखान्यात गुणवत्ता अभियंता आहे. कॅनडाच्या ‘एक्सप्रेस एन्ट्री’ योजनेतून कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण मला १९ दिवसांपूर्वी मिळाले. अर्ज ६० दिवसांत करायचा आहे. माझा जन्म घरीच झाल्याने जन्मनोंद नाही, तिच्यासाठी दहा दिवस तहसील कार्यालयात खेटे घालतो आहे. लग्न तीन वर्षांपूर्वी गावातच झाले, पण नोंदणी राहून गेली. पत्नी बाळंतपणासाठी लातूरला माहेरी आहे आणि प्रसूतीला सात आठवडे आहेत. माझ्या आयईएलटीएस या इंग्रजी भाषा परीक्षेच्या निकालाची वैधता निमंत्रणानंतरच्या ४७व्या दिवशी संपते. मध्यंतरी मी पाच महिने शारजाला होतो. एजंट म्हणतो की, लग्नाची नोंद नसल्याने अर्जात ‘अविवाहित’ लिहा, एकटे जा आणि बायकोमुलाला नंतर बोलवा, कारण बाळ दाखवले तर खात्यात तीन माणसांपुरती रक्कम दाखवावी लागेल. माझ्याजवळ दोघांपुरती रक्कम आहे. उरलेल्या पैशांसाठी वडील दोन एकर शेत विकायला निघाले आहेत. मी काय करावे?

उत्तर : आधी दिवसांचा हिशेब नीट करू, कारण तुम्ही ४१ दिवस उरले असे धरून चालला आहात आणि ते बरोबर नाही. भाषा परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो आणि अर्ज सादर करण्याच्या दिवशीही तो वैध असावा लागतो. त्यामुळे ४७वा दिवस हीच तुमची खरी मुदत आहे आणि ती आजपासून २८ दिवसांवर आहे. त्यातही शेवटचे दोन-तीन दिवस फाइली अपलोड होण्यात आणि शुल्क भरण्यात जातात, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर २५ दिवसच हाती आहेत असे समजलो असतो. परदेशातून आलेल्या शैक्षणिक मूल्यांकनाच्या अहवालावरची तारीखही आजच पाहून घ्या. तो पाच वर्षे चालतो आणि त्यालाही हाच नियम लागू आहे.

तहसीलमधली धावपळ आजपासून थांबवा. जन्मानंतर एक वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी, १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदींची छाननी बरीच कडक केली असल्यामुळे हे काम २५ दिवसांत होईल असे धरून चालणे धोक्याचे आहे. मुख्य म्हणजे या योजनेत मूळ अर्जदाराची ओळख आणि जन्मतारीख पासपोर्टवरून पाहिली जाते. निमंत्रणानंतर तुमच्या खात्यात कागदपत्रांची जी वैयक्तिक यादी तयार झाली आहे, तीत तुमचा जन्मदाखला मागितलेला नसेल तर तो जोडण्याची गरज नाही. जन्मदाखला लागतो तो मुलांचा. तुमचे दहा दिवस नको त्या कागदापायी गेले याचे मला मनापासून वाईट वाटते, पण अजून वेळ गेलेली नाही.

आता ‘अविवाहित’ या शब्दाबद्दल. तो अर्जात लिहायचा नाही, हे मी अगदी स्पष्ट शब्दांत सांगतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे रूढीनुसार विधी झाले की विवाह झाला आणि कलम ८ मध्येच म्हटले आहे की नोंद केली नाही म्हणून विवाहाच्या वैधतेला बाध येत नाही. म्हणजे तुम्ही तीन वर्षांपासून विवाहित आहात आणि नोंदवही कोरी असली तरी त्यात फरक पडत नाही. कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम ४० नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती दडवली किंवा खोटी सांगितली तर अर्ज तर जातोच, शिवाय पाच वर्षे त्या देशाची दारे बंद होतात. खोटे नंतर उघडकीस आले तर मिळालेले कायम वास्तव्यही काढून घेता येते.

‘बायकोमुलाला नंतर बोलवा’ हा सल्ला तर याहून घातक आहे. त्या देशाच्या नियमावलीतील नियम ११७(९)(ड) असे सांगतो की, कायम वास्तव्य मिळवताना जे कुटुंबीय अर्जात दाखवले नाहीत आणि ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांना पुढे कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. एका आईने आपले दोन मुलगे अर्जात न दाखवता तिथे कायम वास्तव्य मिळवले आणि पुढे त्यांना बोलावू पाहिले, तेव्हा तिला याच नियमाने अडवले. २००५ साली तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. सोबत न येणारी पत्नी आणि मूल यांचीही नावे अर्जात द्यावी लागतात आणि त्यांचीही वैद्यकीय तपासणी करावी लागते, ती याचसाठी. एका शब्दासाठी तुम्ही आपल्या लेकराला कायमचे दूर ठेवाल, ही गोष्ट त्या एजंटने तुम्हाला सांगितली नाही, हे फार वाईट आहे.

विवाह नोंदणी मात्र तातडीने उरकून घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमानुसार विवाहानंतर ९० दिवसांत ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा विहित अर्ज, द्यायचा असतो, परंतु त्यानंतरही दंड भरून नोंद होते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांच्या वयाचे व रहिवासाचे पुरावे, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही एवढी जुळवाजुळव असते. गुरुजी दुसऱ्या गावी गेले असतील तर त्यांना आजच फोन करा, कारण माझ्या अनुभवात या कामाचे घोडे बहुधा त्या एका सहीपाशीच अडते.

येथे नावाची एक अडचण येते आणि ती आपल्या भागात मी सतत पाहतो. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने जे नवे नाव लिहिले जाते, तेच पत्रिकेवरून ज्ञापनात उतरते, आणि पासपोर्टवर मात्र माहेरचे नाव असते. मग परदेशातल्या अधिकाऱ्यासमोर दोन वेगळ्या स्त्रिया उभ्या राहतात. ज्ञापन भरताना पत्नीचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, स्पेलिंगसह, लिहून घ्या आणि लग्नानंतरचे नाव नमुन्यात विचारले असेल तेवढ्याच रकान्यात द्या. तरीही दाखल्यावर दोन नावे आलीच, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. या मुदतीत पासपोर्टवरचे नाव बदलायला घेऊ नका. नवा पासपोर्ट म्हणजे नवा क्रमांक, आणि तो योजनेतल्या तुमच्या ऑनलाइन प्रोफाइलमधल्या क्रमांकाशी जुळवत बसायला आता वेळ नाही.

दाखला मराठीत मिळाला तर इंग्रजी भाषांतर लागेल आणि सोबत भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्रही. भाषांतर तुम्ही, पत्नी, आईवडील, भावंडे, काका, मामा, आत्या किंवा चुलत-मामे भावंडे यांपैकी कोणीही केलेले चालत नाही, मग ते इंग्रजीचे प्राध्यापक असोत की वकील. एका अशिलाच्या मामेभावाने फार सुंदर भाषांतर करून दिले होते, ते आम्हाला बाजूला ठेवावे लागले.

पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयाकडूनच घ्यायचा आहे. ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला येथे उपयोगाचा नाही. सध्या ज्या देशात राहतो तिथला दाखला अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांहून जुना नसावा. दाखला पत्नीचाही लागतो. तिने अर्जात ज्या पत्त्यावर राहत असल्याचे लिहिले असेल तिथेच पोलीस चौकशीला येतील, म्हणून लातूरचा पत्ता द्यायचा की वाळूजचा हे आधी ठरवा आणि त्या पत्त्यावर ती सापडेल अशी व्यवस्था करा. शारजाची चिंता सोडा. गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ज्या देशात राहिलात तिथला दाखला लागतो आणि तुमचे पाचच महिने आहेत. मात्र वास्तव्याच्या इतिहासात ते पाच महिने तारखांसह लिहिलेच पाहिजेत.

वैद्यकीय तपासणी हा तुमच्या बाबतीत सर्वांत नाजूक भाग आहे. २१ ऑगस्ट २०२५ पासून या योजनेत तपासणी आधी करून तिचा पुरावा अर्जासोबत द्यावा लागतो, आणि ती कॅनडा सरकारच्या यादीवरील डॉक्टरकडेच करावी लागते. तुमच्यासाठी म्हणजे पुणे किंवा मुंबई. आठव्या महिन्यातल्या बाईला लातूरहून तीनशेहून अधिक किलोमीटर न्यायचे आहे. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तर मुळीच नेऊ नका. दिवसाचा प्रवास आणि पुण्यात एक मुक्काम धरून बेत करा. वेळ घेताना गरोदरपण सांगा. छातीचा एक्स-रे प्रसूतीनंतर करण्याची मुभा असते. तो पुढे ढकलला तर निर्णयाला थोडा उशीर होईल, तो होऊ द्या. अर्जासोबतच्या स्पष्टीकरण पत्रात एक्स-रे का राहिला आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख कोणती हे लिहा. बाळाची गोष्ट लपवता येईल हे एजंटचे म्हणणे किती पोकळ आहे ते यावरूनच दिसते, कारण ती तपासणीच्या कागदावरच येणार आहे.

बाळ तुमच्या अर्जानंतर जन्माला येईल असे दिसते. तसे झाल्यास जन्माची माहिती कॅनडाच्या स्थलांतर खात्याला त्यांच्या वेबफॉर्मने लगेच कळवा आणि बाळाचे नाव अर्जात जोडून घ्या. त्यासाठी जन्मदाखला, पासपोर्ट, शुल्क आणि तपासणी लागेल. जन्माची नोंद २१ दिवसांत, जिथे जन्म झाला तिथे, म्हणजे लातूर शहरात प्रसूती झाल्यास महानगरपालिकेत होते. रुग्णालये पुष्कळदा नावाविना नोंद पाठवतात. बारसे बाराव्या दिवशी होत असल्याने ठेवलेले नाव त्या २१ दिवसांतच नोंदीत घालून घेणे शक्य आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे हा दाखला रखडला तर पुढचे सारे रखडेल. व्हिसा हाती आला आणि बाळाची नोंद अर्जात झालेली नसली, तर विमानात बसू नका. आधी कळवा.

राहिला पैशांचा प्रश्न. एजंट रकमेबाबत चुकीचे बोललेला नाही. किमान रक्कम कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते आणि बाळ आल्यावर तिघांची लागेल. परंतु अर्जाच्या दिवशी तुम्ही दोघे आहात आणि दोघांपुरती रक्कम तुमच्याजवळ आहे. फरकाची रक्कम वडिलांनी भेट म्हणून बँकेमार्फत दिली, भेटपत्र केले आणि त्यांच्याकडे ती कुठून आली याचा कागद जोडला, तर ती मान्य होण्याजोगी असते. वडिलांकडून मुलाला मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकरही लागत नाही. व्याजाने आणून महिनाभर खात्यात ठेवलेली रक्कम चालत नाही. रक्कम तुमच्या मालकीची आणि कर्जमुक्त असावी लागते आणि बँकेच्या पत्रात मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही येते.

शेताबाबत मला वडिलांनाच सांगावेसे वाटते की, काका, २५ दिवसांच्या घाईत दोन एकर विकू नका. घाईत असलेल्याला भाव कमी मिळतो, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. शेत वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही त्यात मुलांइतकाच हक्क आहे आणि त्यांच्या संमतीशिवाय केलेले खरेदीखत पुढे वादात जाते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असे, म्हणजे विक्रीवर शासनाच्या अटी असलेली जमीन, असेल तर बहुधा पूर्वपरवानगीही लागते. बाळाच्या जन्मानंतर कागदपत्रे जोडायला जो वेळ मिळेल, त्यात पैशांची सोय शांतपणे होऊ शकते.

कारखान्याकडून मिळणारे पत्र केवळ रुजू होण्याच्या तारखेचे आणि पदाचे नको. त्यात प्रत्यक्ष कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन लिहिलेले असावे. मनुष्यबळ विभाग ठरावीक मजकुराबाहेर लिहायला तयार नसेल तर वरिष्ठांचे प्रतिज्ञापत्र, वेतनचिठ्ठ्या आणि फॉर्म १६ जोडा.

एवढे करूनही पुढील २० दिवसांत एखादा आवश्यक कागद हाती आला नाही, तर काय? अपुरा अर्ज रेटून देऊ नका, तो परत येतो. निमंत्रण नुसते संपूही देऊ नका, कारण तसे झाल्यास प्रोफाइल उमेदवारांच्या यादीतून निघते आणि नव्याने सुरुवात करावी लागते. निमंत्रण रीतसर नाकारले तर पात्रता टिकून असेपर्यंत प्रोफाइल यादीत परत जाते. त्यासाठीही भाषा परीक्षेचा वैध निकाल लागेलच, म्हणून परीक्षेची जागा आजच राखून ठेवा. नवा निकाल वेळेत आला आणि तुमचे एकूण गुण निमंत्रण मिळालेल्या फेरीच्या किमान गुणांखाली गेले नाहीत, तर तो याच अर्जात लावून पूर्ण ६० दिवस वापरता येतील.

भारतातला वकील या नात्याने मी तुमचे येथले दाखले, प्रतिज्ञापत्रे आणि भेटपत्र पाहू शकतो. शुल्क घेऊन तुमच्या वतीने अर्ज चालवण्याचा अधिकार मात्र कॅनडाच्या कायद्याने तिथल्या वकिलांना, वकील संस्थेचे सदस्य असलेल्या पॅरालीगलना, क्युबेकच्या नोटरींना आणि स्थलांतर सल्लागारांच्या तिथल्या नियामक संस्थेच्या (‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’) परवानाधारकांनाच दिला आहे. तुमच्या एजंटचे नाव त्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधा. ते तिथे नसेल तर प्रोफाइलचा पासवर्ड आजच बदला आणि त्याने आजवर काय काय भरले आहे ते ओळ न ओळ स्वतः वाचून काढा. वैवाहिक स्थितीचा रकाना सर्वांत आधी पाहा.