भागाकार स्थिर खर्चाचा, गोंधळ भावाचा

वाचकांची पत्रे वेगवेगळ्या धंद्यांतली, घोळ मात्र एकच. स्थिर खर्चाला, म्हणजे माल कमी-जास्त बनला तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चाला, नगसंख्येने भागायचे आणि आलेला आकडा कच्च्या मालाच्या दरासारखा पक्का समजायचा. भाजक बदलला की तो बदलतो. खालचे आकडे समजुतीपुरते आहेत.

प्रश्न: यंत्राच्या कर्जाचा पूर्ण हप्ता स्थिर खर्चात धरायचा ना?

नाही, फक्त व्याज. मुद्दल ही कर्जफेड आहे आणि यंत्राची किंमत घसाऱ्यातून, म्हणजे त्याच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेल्या रकमेतून, खर्चात येतेच. दोन्ही धरलेत तर एकच खर्च दोनदा मोजला.

प्रश्न: वीजबिल स्थिर खर्च की बदलता, म्हणजे उत्पादनाबरोबर कमी-जास्त होणारा?

दोन्ही. स्थिर आकार एकीकडे, वापरलेली युनिटे दुसरीकडे. बिल वाचा.

प्रश्न: महिन्याची विक्री 1,000 नगांवरून 800 वर आली. स्थिर खर्च 40,000, बदलता खर्च नगामागे 60. नग महाग पडू लागला, तेव्हा भाव वाढवा, असे सगळे सांगतात.

हे 'सगळे' तुमचा तोटा भरून देणार आहेत का? 1,000 नगांवर एक नग 100 ला पडत होता. 800 वर तो 110 ला पडतो. भाव चढवलात, गिऱ्हाईक तुटले आणि विक्री 600 वर आली, तर तोच नग जवळपास 127 ला. मग पुन्हा भाववाढ? अशाने चालते धंदे बसतात. तुमचे यंत्र रिकामे आहे, याचे पैसे गिऱ्हाईक का देईल?

भाजक म्हणून चालू महिन्याची विक्री घेऊ नका. नेहमीची क्षमता घ्या: देखभाल आणि मंदीचे महिने धरून काही हंगामांत सरासरी जेवढे उत्पादन होते ती. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातली कमाल क्षमताही नको. तिने नग खोटाच स्वस्त दिसतो. नेहमीची क्षमता 1,000 असेल तर नगावर स्थिर खर्चाचे 40च चढवा. न बनलेल्या 200 नगांचे 8,000 रिकाम्या क्षमतेचा तोटा म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. साठ्याच्या मूल्यांकनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएएस 2 हेही नेहमीचीच क्षमता धरते आणि रिकाम्या क्षमतेचा खर्च नगावर चढवू देत नाही. ती ओळ दर महिन्याला डोळ्यांसमोर आली की जागा कमी करायची, पाळी बंद करायची की बाहेरचे काम घ्यायचे, हे ठरवावेच लागते. कच्चा मालच महागला असेल तर भाववाढीचा विचार रास्त. क्षमतेचा आकडा कॉस्ट अकाउंटंटकडून ठरवून घ्या, आणि वर्षअखेरीपर्यंत थांबू नका.

प्रश्न: भाव 100, बदलता खर्च 60. 10 टक्के सूट दिली तर विक्री 10 टक्के वाढली की भागेल?

मुळीच नाही. नगामागे सुटणारे 40 आता 30 वर येतील. पूर्वीइतकेच पैसे सुटायला विक्री सुमारे 33 टक्के वाढायला हवी. तेवढा माल बनवायला ओव्हरटाइम लागणार असेल तर त्याहूनही जास्त. सूट जाहीर करण्याआधी हा हिशेब कुणा जाणत्याकडून तपासून घ्या.

प्रश्न: छापील खोक्यांचा पुरवठादार म्हणतो, 500 घेतलीत तर 14 चा दर, 2,000 घेतलीत तर साडेसहा. घ्यावीत का?

दर खोटा नाही, आमिष मात्र जुनेच आहे. छपाईच्या तयारीचे 5,000 आणि खोक्यामागे 4, एवढेच त्यात आहे. 2,000 खोक्यांचे 13,000 मोजून 500च वापरलीत आणि मजकूर बदलल्याने बाकीची रद्दीत गेली, तर प्रत्येक खोके 26 ला पडले. तयारीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागा, आणि पुढच्या खेपेला तोच साचा वापरला तर तो पुन्हा लागणार का, हे लेखी घ्या.