कार्डावरचा शेरा

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होत असल्याचे तुझे पत्र मिळाले. क्षयरोगाच्या कामाविषयी विचारले आहेस, तेव्हा माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. दिवाळीनंतर औषध न्यायला न आलेल्या एका रुग्णाच्या कार्डावर ‘उपचार सोडला’ असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो. उन्हाळ्यात तो हाडांचा सापळा होऊन परतला, तेव्हा सगळे उलगडले. तो ऊसतोडीला गेला होता. उपचार सहा महिन्यांचे आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे ‘कोयत्या’वर, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, एक दिवस आजारपणात गेला की खाडा कापला जायचा. त्यात गोळ्यांनी लघवी नारिंगी झाल्यामुळे तो घाबरला होता. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने असे होतेच, हे एवढे एक वाक्य मी त्याला सांगितले नव्हते.

म्हणून ऑक्टोबर उजाडण्याआधीच प्रत्येक रुग्णाला ‘यंदा कोणत्या कारखान्यावर जाणार?’ असे विचार. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीत त्याची नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते.

पोटाचेही पाहा. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षयरोग 39 टक्क्यांनी घटला, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला पूर्वी महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून 1000 मिळतात. पण बँकेचे खातेच बंद पडलेले असेल, तर ते कागदावरच राहतात. तेही तपास, हे कारकुनी काम समजू नकोस.

खरी कसोटी गुप्ततेची आहे. खोपीत दाटीने झोपणाऱ्यांची तपासणी व्हायलाच हवी. पण रुग्णाचे नाव मुकादमाच्या कानी गेले, तर काम जाईल आणि उचल मात्र अंगावर राहील. यातून मी काढलेली वाट अशी, की कोणाचेही नाव न घेता अख्ख्या टोळीची तपासणी करायची. त्याला वेळ जास्त लागतो, थुंकीच्या डब्या जास्त लागतात आणि मासिक बैठकीत त्याचा जाबही द्यावा लागतो. डब्यांची मागणी मात्र सप्टेंबरातच नोंदव. आयत्या वेळी मिळत नाहीत.