शेवंड खायचीय, पण खिसा सांभाळून

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही सहा जण मालवण-तारकर्लीला निघालोय. शेवंड (लॉबस्टर) खायची फार इच्छा आहे, पण बिलाची धास्ती वाटते. काय करावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धास्ती योग्यच आहे. मी एकदा तिथल्या एका हॉटेलात भाव न विचारता 'एक शेवंड द्या' म्हणून बसलो आणि बिल बघून सोलकढी घशातच अडकली! मेनूकार्डावर 'बाजारभावाप्रमाणे' असं लिहिलेलं दिसलं की आधी शेवंड समोर आणायला लावा, तराजूवर घाला, किलोचा भाव ठरवा, मगच चुलीवर चढू द्या.

त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव बघायला जा. उचलल्यावर शेपूट फडफडवून पोटाखाली दुमडते ती जिवंत शेवंड. लुळी लोंबत असेल तर सोडून द्या. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस असेल तर तीही नको, तिला समुद्रातच राहू दे. घेतलेली शेवंड उतरलात त्या घरच्या काकूंना द्या. आधी विचारलंत तर बहुतेक जणी मजुरी घेऊन करून देतात.

सहा जणांत एकच मोठी पुरे, चवीपुरती. पोट भरायला बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मागवा. खरं सांगू? मला शेवंडीपेक्षा तो बांगडाच जास्त आवडतो.

जून-जुलैत मात्र जाऊ नका, तेव्हा मासेमारी बंद असते.