टीम अडकली तर पालकांनी मदत करावी का?

तुमची मुलगी ओडिसी ऑफ द माइंडच्या, म्हणजे मुलांनी कल्पकतेनं प्रश्न सोडवायच्या स्पर्धेच्या, टीममध्ये आली आहे. यात अभ्यासाचे महिने वाया जातील का, मुलगी चारचौघांत बोलत नाही तर तिचं कसं व्हायचं, आणि टीम अडकली तर आईवडिलांनी थोडा हात लावला तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं अशा टीमची कोच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

हात लावू नका. जास्तीत जास्त सात मुलांची टीम, कित्येक महिने आधी मिळालेला प्रश्न आणि त्याचं उत्तर नाटुकल्यातून मांडायला मंचावर आठ मिनिटं, एवढाच हा मामला असतो. पण कल्पना, रचना, बांधणी, पोशाख, संवाद सगळं मुलांचंच हवं, असा सक्त नियम आहे. बाहेरची मदत झाली तर गुण कापले जातात. करवत कशी धरायची हे कोच शिकवू शकते, काय कापायचं हे सांगू शकत नाही. नवीन पालकांना हा नियम जाचक वाटतो. माझ्या मते या स्पर्धेतून मुलांना आयुष्यभर पुरेल असं जे मिळतं, ते या नियमामुळेच मिळतं.

बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा प्रश्न घ्या. नुसत्या बाल्साच्या काड्या आणि गोंद वापरून वीस ग्रॅमहूनही हलका सांगाडा करायचा आणि तो मोडेपर्यंत त्यावर वजनं रचत जायची. चांगले सांगाडे शेकडो किलो पेलतात. सरावात मात्र ते फार लवकर कोसळतात. आठवडाभराचं काम एका क्षणात काड्याकाड्या होऊन पडतं आणि मुलांचे चेहरे उतरतात. अशा वेळी शेजारी उभ्या असलेल्या बाबांच्या तोंडून हमखास निघतं, “अरे, तिरक्या काड्या घाला की!” बाबांचं बरोबरच असतं. पण त्या वाक्यानं मुलांचा विचार तिथेच थांबतो. कोणी काही बोललं नाही, तर थोड्या वेळानं एखादं मूल तुकडे गोळा करू लागतं. मोडलं कुठे? सांध्यात, की काडी मधेच वाकली? गोंद सुटला असेल तर उपाय वेगळा, काडी वाकली असेल तर वेगळा. पुढच्या वेळी तीच मुलं मोडायच्या आधी फोटो काढतात, प्रत्येक काडीचं वजन करून हलक्या आणि जड काड्या वेगळ्या ठेवतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कारण शोधायची ही सवय पुढे कुठल्याही विषयात, कुठल्याही कामात टिकते. माझ्या टीममधली, आता मोठी झालेली मुलं भेटतात तेव्हा पदकांबद्दल क्वचितच बोलतात, कुठला सांगाडा कशामुळे मोडला ते मात्र त्यांना नेमकं आठवतं.

स्पर्धेचा पायाच असा आहे. न्यू जर्सीतल्या ग्लासबरो स्टेट कॉलेजात डिझाइन शिकवणारे प्राध्यापक सॅम मिक्लस यांनी 1978 मध्ये ती सुरू केली. एका टीमनं पाण्यावर चालणाऱ्या कीटकासारखं पाणी ओलांडायचं साधन केलं होतं. ते नीट चाललं नाही, पण कल्पनेचं धाडस परीक्षकांना भावलं. त्यातूनच ‘रानात्रा फुस्का’ हा पुरस्कार आला. विलक्षण कल्पकतेसाठी तो आजही देतात आणि त्याचा क्रमांकाशी संबंध नसतो. फसलेल्या पण धाडसी प्रयत्नाचा असा मान शाळेच्या परीक्षेत होत नाही, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

मदत करायचीच असेल तर जागा द्या, घरातलं टाकाऊ सामान द्या, मुलांची ने-आण करा. मुलगी रडवेली होऊन घरी आली तर “मग आता काय करून बघणार?” एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. वाट बघणंच सगळ्यात अवघड जातं.

अभ्यासाचं म्हणाल तर स्पर्धेआधीचे शेवटचे काही आठवडे ओढाताण होते, ते खरं आहे. त्याच सुमारास महत्त्वाची परीक्षा असेल तर यंदा थांबायला हरकत नाही. पण केवळ प्रमाणपत्रासाठी भाग घेणार असाल तर एवढा वेळ घालवू नका.

आणि लाजाळूपणाबद्दल. मंचावरच्या नाटुकल्यात प्रत्येकानं बोललंच पाहिजे असं नसतं. यंत्र चालवणारी, नेपथ्य सांभाळणारी मुलंही तेवढीच लागतात. साधारणपणे 350 गुणांपैकी 100 ‘स्पॉन्टेनियस’ या फेरीला असतात. तिथे बंद खोलीत ऐन वेळी प्रश्न मिळतो. तो तोंडी असेल की हातानं काही करायचा, हे आधी कळत नाही. सगळ्यांना सुचणाऱ्या उत्तराला कमी गुण, वेगळ्या उत्तराला जास्त. अबोल मुलं इथे अनेकदा चमकतात, कारण ती आधी नीट ऐकतात. फक्त पहिले काही सराव तिला बोलण्याचा आग्रह करू नका, आणि तसं कोचलाही आधीच सांगून ठेवा.